घरातली रसायने आणि भूकंप: उघडी फळी की कडीचे कपाट?

उघड्या फळीवरची बाटली चटकन हाताला लागते, एवढाच तिचा फायदा. जमीन हलली की बाटल्या कडेपर्यंत सरकतात. पुढे पट्टी ठोकली तरी उंच, अरुंद बाटली तिच्यावरून कलंडतेच.

खालचे कपाट नक्कीच बरे, पण ते भिंतीला स्क्रूने जखडलेले हवे आणि दाराला कडी हवी. नुसती चुंबकाची पकड धक्क्यात सुटते. मात्र त्यात सगळे एकत्र कोंबू नका! ब्लीचमध्ये संडास साफ करायचे अ‍ॅसिड मिसळले की विषारी क्लोरीन वायू सुटतो, अमोनिया मिसळला तर क्लोरामाइन, तोही विषारीच. म्हणून ही तिन्ही वेगवेगळ्या खोल प्लास्टिक टबांत, शक्यतो वेगळ्या कपाटांत ठेवा. सगळ्यात मोठी बाटली पूर्ण सांडली तरी टबात मावली पाहिजे. रंग पातळ करायचा थिनर चटकन पेटतो, तो शेगडीपासून लांबच.