ई-रीडर की टॅबलेट : बडोद्यातल्या मराठी वाचकाने काय घ्यावे?

पुस्तके वाचण्यासाठी ई-रीडर घ्यावा की दहा-अकरा इंची टॅबलेट, हा प्रश्न बडोद्यातील आमच्या वाचणाऱ्या मंडळींत हल्ली वरचेवर निघतो. मराठी पुस्तक हवे असेल तर ते पुण्या-मुंबईहून मागवावे लागते, नाहीतर तिकडून येणाऱ्या पाहुण्याच्या पिशवीत जागा शोधावी लागते. २०१८ च्या फेब्रुवारीत ९१ वे साहित्य संमेलन येथे भरले तेव्हा मराठी प्रकाशक आमच्या दारात आले होते. एरवी दारात येते ती फाइल. तेव्हा ती फाइल कशावर उघडायची, याचा विचार करणे भाग आहे. माझ्या घरात दोन्ही उपकरणे आहेत आणि दोन्ही वापरात आहेत. प्रोसेसर, मेमरी, कॅमेरा यांची माहिती खोक्यावर छापलेली असतेच, म्हणून ती येथे देत नाही. मराठी वाचकाला रोजच्या वाचनात जे आडवे येते, तेवढ्याचाच विचार करतो.

नवी कादंबरी वाचायची असेल तर ई-रीडरला तोड नाही, हे आधीच मान्य करतो. ई-इंकच्या स्क्रीनवर सूक्ष्म कुप्यांमधले काळे-पांढरे रंगकण वरखाली सरकून अक्षर उमटते आणि आपल्याला ते बाहेरच्या उजेडात दिसते; त्यामुळे ऊन जितके कडक तितके अक्षर अधिक स्वच्छ. वैशाखातल्या सकाळी गच्चीवर बसून टॅबलेट वाचायला गेल्यास त्यात स्वतःचा चेहरा तेवढा दिसतो, ई-रीडरवर मात्र मजकूर दिसतो. चार्जिंगची आठवण आठवड्यांनी होते. वजन दोनशे ग्रॅमच्या आसपास असल्याने आडवे पडून वाचताना मनगट दुखत नाही. ॲमेझॉनने २०१६ च्या डिसेंबरात मराठीसह पाच भारतीय भाषांतील पुस्तके किंडल या आपल्या ई-रीडरवर आणली, तेव्हापासून नव्या ललित पुस्तकांची सोयही बऱ्यापैकी झाली आहे. आमच्या घरातील ई-रीडर आता जवळजवळ सौभाग्यवतींच्याच मालकीचा झाला आहे. झोपाळ्यावर बसून त्या कादंबऱ्या वाचतात आणि टॅबलेटकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

एक बारीक तक्रार येथेच नोंदवतो. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येत असल्यामुळे शब्द लांबलचक होतात. सहा इंची स्क्रीनवर अक्षर जरा मोठे केले की ओळीत जेमतेम चार-पाच शब्द मावतात, आणि दोन्ही बाजूंचे समास सरळ राखण्याच्या खटाटोपात शब्दांमध्ये मोठमोठ्या फटी पडतात. डावीकडचा समास तेवढा सरळ ठेवण्याची सोय असेल तर ती वापरावी. डोळ्यांना सवय होते.

खरा प्रश्न आपण काय वाचतो, हा आहे. माझे वाचन बहुतांशी जुने आहे : इतिहास, चरित्रे, संतवाङ्मयाच्या सटीप आवृत्त्या, आणि सयाजीरावांच्या काळात येथूनच निघालेल्या श्रीसयाजी साहित्यमालेतील काही पुस्तके. महाराजांनी १९१० मध्ये मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले आणि त्याच्या मांडणीसाठी बॉर्डन नावाच्या ग्रंथपालांना थेट अमेरिकेहून बोलावले. अशा गावात जुन्या पुस्तकांची गोडी लागली तर नवल नाही. पण ही पुस्तके आज दुकानात मिळत नाहीत. इंटरनेट अर्काइव्हवर डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाच्या प्रकल्पातून आलेली मराठी पुस्तके भरपूर सापडतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकेही संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. यातली जुनी पुस्तके बहुधा स्कॅन केलेल्या पीडीएफच्या रूपात असतात, म्हणजे प्रत्येक पान हे एक छायाचित्र असते. छायाचित्रातले अक्षर मोठे केले म्हणून ओळी नव्याने मांडल्या जात नाहीत. अक्षर मोठे झाले की पानच स्क्रीनबाहेर जाते.

हिशेब सोपा आहे. डेमी आकाराचे पान साडेपाच इंच रुंद आणि साडेआठ इंच उंच असते. सहा इंची ई-रीडरची स्क्रीन रुंदीला सुमारे ३.६ आणि उंचीला ४.८ इंच भरते. अख्खे पान तीत बसवायचे तर ते मूळच्या ५६ टक्के होते, म्हणजे बारा पॉइंटचा मजकूर सात पॉइंटच्याही खाली जातो. सात इंची ई-रीडरवर हे प्रमाण ६६ टक्क्यांपर्यंत जाते. याउलट ४:३ प्रमाणाच्या दहा इंची टॅबलेटवर तेच पान जवळजवळ मूळ आकारात दिसते.

आता माझा निर्णय ज्या एका त्रासाने झाला, त्याकडे येतो. १९६२ चे शुद्धलेखनाचे नियम येण्यापूर्वीच्या पुस्तकांत ‘कांहीं’, ‘तें’, ‘नांव’, ‘त्यांत’ असे अनुस्वार पावलोपावली असतात. हे स्कॅन पुष्कळदा शुद्ध काळ्या-पांढऱ्यात केलेले असतात, करड्या छटा त्यांत नसतात. त्यामुळे कागदावरचा डाग, किड्याचे भोक आणि अनुस्वार हे तिन्ही सारखेच काळे ठिपके होऊन बसतात. मूळ आकारात डोळ्याला त्यांतला फरक सहज कळतो. निम्म्या आकारात ‘तो’ आहे की ‘तों’ हे वाक्य पुरे वाचून ठरवावे लागते, वेलांटीचा पातळ भाग तुटून ‘की’ आणि ‘का’ यांत गोंधळ होतो, आणि तळटिपांचे तर नावच नको. त्या मुळातच आठ पॉइंटच्या खिळ्यांत जुळवलेल्या असतात. मग चिमटीने पान मोठे करायचे, ई-इंकची स्क्रीन एकदा काळी होऊन उजळेपर्यंत थांबायचे, ओळीच्या डाव्या टोकापासून उजव्या टोकापर्यंत पान ओढायचे, ओढताना मागे राहिलेली आधीच्या अक्षरांची पुसट सावली सोसायची आणि दुसऱ्या ओळीसाठी परत डावीकडे यायचे. पान उलटले की माझ्या उपकरणावर सगळे पुन्हा मूळ आकारात जाते आणि हा सोपस्कार पहिल्यापासून करावा लागतो. एखादे पान असे वाचता येते. ग्रंथ वाचता येत नाही.

यावर उपाय नाहीत असे नाही, आणि जाणकार ते सुचवतातही. ई-रीडर आडवा धरावा आणि समास कापून टाकावेत, हा त्यातला सर्वांत चांगला. असे केल्यास अक्षर मूळ आकाराइतके, प्रसंगी थोडे मोठेही दिसते, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण पान तीन तुकड्यांत येते. तळटीप तिसऱ्या तुकड्यात आणि तिचा आकडा पहिल्या तुकड्यात, अशी ये-जा सुरू होते. शिवाय जुन्या स्कॅनमध्ये पुस्तकाच्या शिवणीकडे काळा पट्टा आलेला असतो आणि पाने किंचित तिरपी असतात, त्यामुळे आपोआप समास कापणारी सोय त्या पट्ट्यालाच मजकूर समजते. पानांचे तुकडे करून ओळी नव्याने रचणारे के-टू-पीडीएफ-ऑप्ट नावाचे एक विनामूल्य साधन आहे. साध्या गद्यावर ते चांगले काम करते. ओव्या आणि कोष्टके मात्र त्यातून धडपणे बाहेर आलेली मी फारशी पाहिलेली नाहीत. चित्रातून मजकूर काढण्याचे, म्हणजे ओसीआरचे, तंत्र मराठीसाठीही उपलब्ध आहे, आणि नव्या, स्वच्छ छपाईवर ते समाधानकारक चालते. जुन्या खिळ्यांतील जोडाक्षरे आणि वर सांगितलेले अनुस्वार आले की मात्र मुद्रितशोधनाचे काम आपल्या गळ्यात पडते. ज्याला तेही करण्याची हौस आहे त्याने जरूर करावे. मला पुस्तक वाचायचे असते.

फाइल ई-रीडरवर पोहोचवण्याचीही थोडी कटकट आहे. किंडलला ईमेलने पाठवायच्या फाइलला ५० एमबीची मर्यादा आहे, संकेतस्थळावरून चढवली तर २०० एमबीची; मोठ्या स्कॅनला पहिली मर्यादा सहज आडवी येते. केबल लावून काम होते, पण त्यासाठी दर वेळी संगणक सुरू करावा लागतो. टॅबलेटवर फाइल उतरवली की तिथेच उघडते. बुकगंगासारख्या विक्रेत्याकडून घेतलेली ई-पुस्तके त्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये वाचायची असतात आणि ते ॲप टॅबलेटवर चालते, किंडलवर नाही. दिवाळी अंकांचे तर बोलायलाच नको : रंगीत पाने, दोन स्तंभांतला मजकूर, व्यंगचित्रे. ते टॅबलेटवरच पाहावेत.

आता टॅबलेटचे दोष. डोळ्यांबद्दल सर्वाधिक बोलले जाते. निळ्या प्रकाशाने डोळे बिघडतात या समजाला पक्का आधार नाही. स्क्रीनकडे पाहताना आपण पापण्या कमी लववतो आणि त्याने डोळे कोरडे पडतात, हे कारण अधिक मानले जाते. माझा अनुभवही त्याच बाजूचा आहे. स्क्रीनचा उजेड खोलीतल्या उजेडाइतका खाली आणला, पानाला फिकट पिवळसर छटा दिली आणि अधूनमधून समोरच्या कडुनिंबाकडे पाहिले, तर संध्याकाळचे वाचन मला जड जात नाही. रात्री दिवा मालवून वाचण्यासाठी मात्र मी टॅबलेटची शिफारस करणार नाही. तिथे ई-रीडरचा मंद, समोरून पडणारा उजेड निश्चित सुखाचा आहे. टॅबलेट अर्धा किलोच्या घरात जातो, त्यामुळे त्याला घोडी किंवा मांडीवरची उशी लागते. आणि बॅटरी रोज नाहीतर दिवसाआड मागणी करते.

दुसरा दोष लक्ष उडवण्याचा. ज्या उपकरणावर क्रिकेटही दिसते आणि मालिकाही दिसतात, त्यावर चौथाईच्या हिशेबाचे प्रकरण वाचत राहणे सोपे नाही, विशेषतः घरातल्या नातवंडांना त्या उपकरणाचा पत्ता लागल्यानंतर. यावर माझा तोडगा साधा आहे : सिम घालायचे नाही, सूचना सगळ्या बंद ठेवायच्या, आणि मुलांच्या करमणुकीची ॲप त्यावर ठेवायचीच नाहीत. नातवंडांनी त्याला ‘आजोबांचा कंटाळवाणा टॅब’ असे नाव दिले आहे, तेव्हा व्यवस्था चालते आहे असे समजायला हरकत नाही.

मोठ्या, दहा इंची ई-इंकचा पर्याय कोणी सुचवील. आकाराचा प्रश्न तो सोडवतो, आणि पैशाची अडचण नसेल तर विचार अवश्य करावा. परंतु त्याची किंमत साध्या ई-रीडरच्या दुपटी-तिपटीत जाते. शेवटच्या सूचीतून आकडा पाहून दीडशे पाने मागे जायचे, तेथून पुन्हा सूचीत यायचे, अशी चाळाचाळ संदर्भवाचनात सतत करावी लागते, आणि ती ई-इंकवर सावकाशच होते. टॅबलेटवर ती बोटासरशी होते. इतिहास वाचणाऱ्याला ही सोय अक्षराच्या आकाराइतकीच मोलाची वाटेल, असा माझा अंदाज आहे.

तेव्हा ज्यांचे वाचन गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या कथा-कादंबऱ्यांचे आहे, जे रात्री पडून वाचतात आणि ज्यांना स्कॅन ही काय भानगड आहे हे जाणून घेण्याची गरज पडलेली नाही, त्यांनी निःशंकपणे ई-रीडर घ्यावा. माझ्या घरातच त्याचे समाधानी उदाहरण आहे. ज्यांचे कपाट जुने आहे, त्यांना मात्र मी भीतभीत का होईना, टॅबलेटच सुचवीन. तो घेताना ४:३ किंवा त्याच्या जवळपासचे प्रमाण पाहावे, कारण चित्रपटांसाठी केलेल्या लांबट स्क्रीनवर पुस्तकाच्या पानाच्या वरखाली जागा वाया जाते. चकाकी कमी करणारी फिल्म सुरुवातीलाच लावून घ्यावी.

तरीही मन द्विधा असेल तर एक स्वस्त चाचणी आहे. ई-रीडर बहुधा ऑनलाइनच घ्यावा लागतो, हातात धरून पाहण्याची सोय नसते. म्हणून आपल्याकडचे एखादे जुने डेमी आकाराचे पुस्तक घ्यावे, तळटिपा असलेले पान उघडावे आणि झेरॉक्सच्या दुकानात जाऊन त्या पानाची ५६ टक्क्यांची एक प्रत काढून मागावी. सात इंची ई-रीडर मनात असेल तर ६६ टक्क्यांची. ती प्रत घरी आणून, नेहमीच्या चष्म्याने, नेहमीच्या जागी बसून तळटिपेसकट वाचून पाहावी. वाचता आली तर ई-रीडर खुशाल मागवावा.