श्टाइनगाडेन ते वीसकिर्शे: मुलांना घेऊन करण्यासारखा गोल ट्रेक

जर्मनीतल्या दक्षिण बव्हेरियात आलेले बहुतेक लोक नॉयश्वानस्टाइनचा किल्ला बघतात आणि परत जाताना वेळ उरलाच तर वीसकिर्शे या जुन्या चर्चच्या पार्किंगला गाडी लावून अर्ध्या तासात ते उरकतात. मनापासून सांगते, असं करू नका. गाडी श्टाइनगाडेन गावात लावा आणि चालत जा. जाऊन-येऊन साधारण 12 किमीचा गोल होतो, चढ फार नाही, पाट्याही व्यवस्थित आहेत. मोठी माणसं तीन-साडेतीन तासांत करतील, पण मुलं असतील तर अख्खा दिवस काढा, घाई अजिबात नको.

सुरुवातीलाच वेल्फेनम्युन्स्टर लागतं, म्हणजे 1147 मध्ये सहावा वेल्फ या उमरावाने स्थापन केलेल्या मठाचं चर्च. पाच मिनिटं आत डोकावून या. बाहेरून ते जुन्या जड दगडी धाटणीचं आहे आणि आत पुढच्या शतकांमधली नक्षी. पुढे काय बघायचंय त्याची कथा इथूनच सुरू होते.

पुढची वाट कुरणं, शेतघरं, जंगलाचा तुकडा अशी जाते, गाईंच्या गळ्यातल्या घंटा सतत कानावर पडत असतात, आणि दक्षिणेकडे आमरगाऊ आल्प्सची रांग असते. चर्चच्या जवळच्या भागात दलदल आहे, तिच्यावरून लाकडी फळ्यांची वाट टाकलीय. मुलांना सगळ्यात जास्त आवडलं ते हेच. पांढरे कापसाळ तुरे असलेलं गवत, खुरटी पाइनची झाडं, आणि नीट वाकून बघितलं तर दवबिंदू, ती किडे खाणारी इवलीशी वनस्पती, लाल केसांच्या टोकाला चिकट थेंब. आम्ही तिथे किती वेळ बसून होतो काय माहीत. पाऊस झाला असेल तर मात्र फळ्या भयंकर निसरड्या होतात, ग्रिपचे बूट घालाच आणि बाबागाडी आणू नका.

आता चर्च. 1730 च्या सुमारास मठातल्या साधूंनी गुड फ्रायडेच्या मिरवणुकीसाठी फटके खाल्लेल्या, साखळदंडातल्या येशूची मूर्ती केली होती, लाकडी तुकडे जोडून, वर कापड लावून रंगवलेली. ती बघायला इतकी केविलवाणी वाटायची की काही वर्षांनी मिरवणुकीतून बाजूला ठेवली. मग ती वीस नावाच्या वाडीतल्या मारिया लोरी या शेतकरणीच्या घरी आली, आणि 1738 च्या जूनमध्ये तिला मूर्तीच्या डोळ्यांत अश्रू दिसले. झालं, लोकांची रीघच लागली! आधी छोटं चॅपेल बांधलं, ते पुरेना म्हणून 1745 ते 1754 मध्ये डोमिनिकुस त्सिमरमनने हे चर्च उभं केलं, छतावरची चित्रं त्याचा भाऊ योहान बाप्टिस्टची. या बांधकामात मठ कर्जात बुडाला. डोमिनिकुस नंतर इथेच राहिला आणि 1766 मध्ये इथेच वारला.

बाहेरून साधं दिसतं. आत पाय ठेवला की चहूबाजूंनी उजेड, पांढरं आणि सोनेरी, आणि छतावर इंद्रधनुष्यावर बसलेला येशू. मुलांना सांगा, एका टोकाला रिकामं सिंहासन शोधा आणि दुसऱ्या टोकाला बंद दरवाजा, मग मान दुखेपर्यंत वर बघत राहतात. माझी मुलगी मात्र त्या मूर्तीसमोरून हलेचना, साखळ्या खऱ्या आहेत का हेच विचारत होती. एवढं सगळं वैभव एका टाकून दिलेल्या मूर्तीसाठी उभं राहिलं, हे चालत आल्यावर जास्त पोचतं. लोकसुद्धा असेच कुरणांतून पायी आले असतील ना, आपल्या वारीसारखे. 1803 मध्ये मठ बंद झाला, पुढे चर्चही पाडलं जाणार होतं, ते आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी हट्टाने वाचवलं. 1983 पासून ते युनेस्कोच्या यादीत आहे.

प्रार्थना चालू असेल तर फिरायला आत सोडत नाहीत, त्यामुळे रविवारी सकाळी वेळ बघूनच निघा. बाहेर वीसक्युखर्ल, म्हणजे डोनटसारखं गरम तळलेलं खाणं मिळतं, ते खाल्ल्याशिवाय परतू नका. परतीचा काही भाग डांबरी रस्त्याने आहे, तो कंटाळवाणा आहे आणि तिथे मुलं कुरकुरतात, म्हणून थोडा खाऊ तेव्हासाठी राखून ठेवा. श्टाइनगाडेनला रेल्वे नाही, फ्युसनहून बस घ्यावी लागते, तेव्हा परतीचं टाइमटेबल निघायच्या आधीच बघून ठेवा.