अठरा हजारांची मिनी चॉपर की बेचाळीस हजारांची जुनी अ‍ॅव्हेंजर?

भाच्यापुढं दोन गाड्या होत्या. एक कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडलेली ४९ सीसीची मिनी चॉपर, अठरा हजाराला. दुसरी कळंब्यातली २०११ ची अ‍ॅव्हेंजर २२०, मालक बेचाळीस सांगत होता. "मामा, चॉपरला घालून घालून दहा हजार जातील. अठ्ठावीसात बसते बघ," भाचा म्हणाला. हिशेब चुकीचा नव्हता, पण अर्धाच होता.

दिसायला दोघी एकाच घराण्यातल्या. पुढं काढलेला फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन दांडे), बसकी सीट, हात वर नेणारं हँडल. फरक दिसतो तो रंगाखाली. अ‍ॅव्हेंजरची फ्रेम कारखान्यातून तपासून बाहेर पडलेली असते. या चॉपरची कुणी, कुठल्या नळीतून जोडली, ते विकणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. फोर्क जितका लांब तितकी तरफ लांब, आणि पुढच्या चाकाला बसलेला दणका वाढून येतो तो कोनसेटच्या मानेवर, म्हणजे हँडल फ्रेमला जिथं बसतं त्या नळीवर. म्हणून मी इंजिनाकडं बघायच्या आधी मान बघतो.

इथं आपल्या गावाचा फायदा होतो. फौंड्रीवाल्यांच्या ओळखी असल्या की डीपी टेस्टच्या, म्हणजे रंगानं बारीक चीर शोधायच्या, बाटल्या सहज मिळतात. मानेवरचा रंग काढून जागा धुतली, लाल द्रव फवारला, चहा पिऊन आलो, लाल पुसून पांढरं फवारलं. दोन मिनिटांत पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटली, वेल्डिंगच्या कडेनं, दीडेक इंचाची. शेजारचा वेल्डर वाकून बघत म्हणाला, "पोरा, वरनं भर मारून उपेग न्हाई. खालनं परत फुटंल. मान कापून नवी बसवाय लागंल." विकणाऱ्यानं याच जागेवर ज्वाळांचं स्टिकर लावलं होतं. मुद्दाम लावलं असं मी म्हणणार नाही.

ब्रेकच्या बाबतीत तर तुलनाच होत नाही. अ‍ॅव्हेंजरला पुढं डिस्क, मागं ड्रम. या चॉपरला फक्त मागं ब्रेक, तोही केबलचा. ब्रेक दाबला की वजन पुढं जातं, मागचं चाक हलकं होतं आणि घसरतं. ताशी ४० म्हणजे सेकंदाला ११ मीटर. कोरड्या रस्त्यावर दोन्ही ब्रेक नीट असलेली गाडी साधारण दहा-बारा मीटरमध्ये थांबते, नुसत्या मागच्या ब्रेकवर वीसेक लागतात. काही घरगुती मिनी चॉपरमध्ये ब्रेक चाकावर नसून इंजिन आणि चाकाच्या मधल्या शाफ्टवर असतो. तिथं चेन तुटली की ब्रेकही गेला.

टायर दोन्हीकडं तपासा. बाजूवरचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. अ‍ॅव्हेंजरचा टायर कुठल्याही दुकानात बदलून मिळतो. चॉपरचा माप जुळवून शोधावा लागतो, म्हणून लोक चिरा पडलेलाच चालवतात. शिवाय छोट्या चाकांचे रिम पुष्कळदा दोन तुकडे बोल्टनं जोडलेले असतात. हवा पूर्ण सोडल्याशिवाय तो बोल्ट सैल केला तर रिमचा तुकडा तोंडावर येतो.

रिस्टोअर करतानाचं थोडं. अ‍ॅक्सिलेटरची केबल गंजलेली असली की मूठ सोडूनही रेस खाली येत नाही, आणि सेंट्रिफ्यूगल क्लचच्या (रेस वाढली की आपोआप पकडणाऱ्या) गाडीत तेवढ्यानं चाक फिरायला लागतं. आधी किल स्विच, म्हणजे इंजिन बंद करायचं बटण, नीट काम करतंय असं करून घ्या, मागचं चाक स्टँडवर उचला, मग किक मारा. उघड्या चेनजवळ सैल बाह्यांचा शर्ट नको. रिकाम्या टाकीला वेल्डिंग करू नका. पेट्रोल संपलं तरी वाफ उरते. शटर ओढून इंजिन चालू ठेवू नका.

आता कागद. २५ सीसीपर्यंतची दुचाकी मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येतून सुटते, ४९ ची सुटत नाही. नोंदणी नाही तर एमएच ०९ ची पाटी नाही, आणि थर्ड पार्टी विमाही नाही. दंड एक वेळ परवडेल, पण कुणाला धडक बसली तर भरपाई खिशातून. घरातल्या अल्पवयीन पोराच्या हातात दिलीत तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड. त्याच वर्षी जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की कंपनीनं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. म्हणजे अ‍ॅव्हेंजर घेऊन तिचा फोर्क लांबवायचा बेत असेल तर तोही सोडा.

अ‍ॅव्हेंजर काही सोन्याची नाही. पंधरा वर्षं होत आली म्हणजे नोंदणीचं नूतनीकरण, नवी नंबरप्लेट, फोर्कचे ऑइलसील, बहुधा बॅटरीही. कुणाला तरी सरळ चालवायला सांगून मागून बघा. दोन्ही चाकं एका रेषेत नसतील तर गाडी आपटलेली आहे. पंधरा हजार वर धरा. साठाच्या आत ती पन्हाळ्याला जाऊन परत येते.

चॉपर पन्हाळ्याच्या चढावर काय करेल ते जाऊ द्या, उसाच्या हंगामात तिच्यावर रस्त्याला यायचीच मला भीती वाटते. दोन ट्रॉल्या लावलेल्या ट्रॅक्टरवाल्याला गुडघ्याएवढ्या उंचीवर बसलेला माणूस दिसत नाही. वाटेत पडलेल्या उसाच्या कांड्यावर छोटं चाक चढत नाही, अडतं.

हात काळे करायची हौस असेल आणि स्वतःचं रिकामं आवार असेल, तर चॉपर घ्या की. मान, ब्रेक, टायर, केबल या क्रमानं पैसे घाला, रंग शेवटी. हेल्मेट आवारातही, आयएसआयचंच. भाच्यानं अ‍ॅव्हेंजर घेतली, एकोणचाळीसला सौदा ठरला. चॉपर अजून ताडपत्रीखालीच आहे. परवा विकणारा चौदा सांगत होता, आणि स्टिकर पुन्हा जागेवर होतं.