नवगाव ते रेवदंडा: बेने इस्राएलांच्या कोकणातली एक दिवसाची अभ्याससहल

मुंबईतला ज्यू वारसा दाखवणाऱ्या सहली आता बऱ्याच झाल्या आहेत. त्यातल्या बहुतेक फोर्टमधले १८८४ सालचे केनेसेथ एलियाहू आणि भायखळ्याचे मागेन डेव्हिड ही दोन सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळे, दाखवून संपतात. दोन्ही वास्तू देखण्या आहेत आणि ससून घराण्याचा इतिहासही मोलाचा आहे. मात्र तो इतिहास मुख्यतः बगदादी, म्हणजे बगदादकडून आलेल्या, ज्यूंचा आहे. ज्यांची मातृभाषा मराठी आहे, ज्यांची आडनावे पेणकर, रोहेकर, नवगावकर, दिवेकर, केहिमकर अशी आहेत आणि जे पिढ्यानपिढ्या कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हणजे आजच्या रायगडमधल्या, खेड्यांत तेलाचे घाणे चालवत होते, त्या बेने इस्राएलांचे धर्मजीवन अशा सहलीत जेमतेम पाच मिनिटांत उरकले जाते. एका लहानशा सहल-संस्थेने अलिबाग परिसरात एक दिवसाची खास बेने इस्राएल सहल सुरू केल्याचे कळले, तेव्हा मी तिच्यात नाव नोंदवले. ही सहल कोणी करावी, तिच्यात काय मिळते आणि संयोजकांनी काय सुधारायला हवे, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

भाऊच्या धक्क्यावरून सकाळच्या रो-रो बोटीने मांडव्याला उतरायचे आणि तेथून छोट्या बसने नवगाव, अलिबाग, खंडाळे, रेवदंडा असे करत संध्याकाळी परत मांडव्याला यायचे, असा कार्यक्रम आहे. बोटीचे तिकीट, बस, नाश्ता आणि दुपारचे जेवण शुल्कातच येते. सोबत दोन मार्गदर्शक असतात. पहिली इतिहास शिकलेली एक तरुणी, जी मुंबईपासूनच आपल्याबरोबर असते. दुसरे समाजातले एक ज्येष्ठ गृहस्थ, जे नवगावला येऊन मिळतात आणि ज्यांना दिवसअखेरीपर्यंत सगळेच ‘काका’ म्हणू लागतात. या सहलीचे खरे मोल या काकांमध्ये आहे, हे आधीच सांगून टाकतो.

नवगावच्या किनाऱ्याजवळ समाजाची जुनी दफनभूमी आणि स्मारक आहे. परंपरा अशी सांगते की येथे एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, मृतांना येथेच पुरले गेले आणि वाचलेल्या चौदा जणांपासून हा समाज वाढला. ग्रंथ, पोथ्या सगळे समुद्रात गेले, लक्षात राहिली ती ‘शमा इस्राएल’ ही प्रार्थना, शनिवारचा विसावा, मुलाची आठव्या दिवशीची सुंता आणि खाण्यापिण्याचे काही नियम. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. आमच्या तरुण मार्गदर्शिकेने ही सारी हकिकत इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली पक्की घटना म्हणून सांगितली, आणि येथे माझा पहिला आक्षेप आहे. ही समाजाची श्रद्धेने जपलेली परंपरा आहे आणि तिचा आदर राखूनच ती सांगितली पाहिजे. पण ऐकणाऱ्याला परंपरा कोणती आणि लेखी पुरावा कोणता, हा फरक कळायला हवा. ‘बेने इस्राएल’ या नावाने या लोकांचा स्पष्ट उल्लेख एका मिशनऱ्याच्या १७३८ सालच्या पत्रात सापडतो आणि या लोकांजवळ शमाखेरीज फारसे काही नाही, असे त्यातही म्हटले आहे. अलीकडच्या जनुकीय अभ्यासांतून या समाजात पश्चिम आशियाई ज्यू आणि स्थानिक भारतीय असे दोन्ही वंश मिसळल्याचे दिसून आले आहे. एवढे सांगितले असते तरी गोष्टीची गोडी जराही कमी झाली नसती, उलट ती अधिक भारदस्त झाली असती.

काकांचे सांगणे मात्र नेमके होते. डेव्हिड राहाबी नावाच्या विद्वानाने या लोकांची पारख कशी केली, याची कथा त्यांनी तेथेच सांगितली. राहाबींनी बायकांपुढे निरनिराळे मासे रांधायला ठेवले. बायकांनी ज्यू धर्मनियमाला चालणारे, म्हणजे खवले आणि पर असलेले, तेवढे मासे निवडले आणि बाकीचे आपण खात नाही म्हणून बाजूला सारले. त्यावरून ते ज्यूच आहेत अशी राहाबींची खात्री पटली आणि त्यांनी समाजातल्या तीन जणांना शिकवून धर्मकार्यासाठी नेमले. हे राहाबी कोणत्या शतकातले, याविषयी मतभेद आहेत, असेही काकांनी आपणहून सांगून ठेवले. कोकणच्या किनाऱ्यावर राहून कोलंबी, कुर्ल्या, तिसऱ्या आणि मुशी ताटाबाहेर ठेवायची, हे किती अवघड व्रत आहे, ते कोकणातल्या माणसाला वेगळे सांगायला नको.

अलिबागच्या इस्राएल आळीतले मागेन आबोथ हे सिनेगॉग या सहलीचा गाभा आहे. समाजातली जुनी माणसे त्याला मशीदच म्हणतात. १८४८ साली उभारलेली ही वास्तू १९१० मध्ये नव्याने बांधली गेली. प्रवेशापूर्वी पुरुषांना डोके झाकायला सांगतात आणि टोप्या तेथेच मिळतात. मुंबईत २००८ साली नरिमन हाऊसवर झालेल्या हल्ल्यानंतर ज्यू स्थळांची सुरक्षा सर्वत्र कडक झाली आहे, त्यामुळे ओळखपत्राची प्रत संयोजक आधीच मागवून घेतात. काहींनी त्याबद्दल कुरकुर केली, ती मला अनाठायी वाटली.

आत गेल्यावर काकांनी प्रथम सर्वांना बाकांवर बसवले आणि फोटो नंतर काढा असे बजावले. मग त्यांनी रचना समजावून दिली: तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या पवित्र धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या ठेवण्याचा हेखाल जेरुसलेमच्या दिशेला, म्हणजे आपल्याकडे पश्चिमेला, मध्यभागी कठडा असलेली तेवा, जिच्यावर उभे राहून हज्जान प्रार्थना चालवतो, आणि सुंतेच्या वेळी एलियाहू हनाबी, म्हणजे प्रेषित एलियाहू, हजर असतात या श्रद्धेने त्यांच्यासाठी राखलेली खुर्ची. तोरा चामड्यावर हाताने लिहिलेली असते, वर्षभरात ती सलग वाचून पूर्ण होते आणि लिहिताना एक अक्षर जरी चुकले तरी ती वाचनाला चालत नाही, हे सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली आला. नंतर त्यांनी घरून आणलेले जुने प्रार्थनापुस्तक उघडले. एका बाजूला हिब्रू मजकूर, दुसऱ्या बाजूला मराठी भाषांतर आणि कडेला कोणीतरी पेन्सिलीने लिहिलेल्या मराठी सूचना: येथे उभे राहावे, येथे तीन पावले मागे यावे. हिब्रूतले धार्मिक साहित्य मराठीत आणण्याचे प्रचंड काम एकोणिसाव्या शतकात जोसेफ यहेज्केल राजपूरकर यांनी केले. वल्हांडणाच्या, म्हणजे इजिप्तमधल्या गुलामीतून सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचायची हग्गादा १८४६ मध्ये मुंबईत मराठीसह शिळाछापावर निघाली, आणि १८७४ च्या पुण्याच्या सचित्र आवृत्तीत तर भाकऱ्या करणाऱ्या बायका लुगडे नेसलेल्या आहेत. मराठी कीर्तनाचा बाज घेऊन योसेफ आणि मोशे यांची आख्याने लावणारे कीर्तनकारही याच समाजात झाले. हे सगळे मुंबईच्या सहलींत कोणीच सांगत नाही आणि मराठी माणसाने ऐकायला हवे ते नेमके हेच आहे.

मिन्यान जमतो का, असे आमच्यापैकी एकीने विचारले. सार्वजनिक प्रार्थनेसाठी, तोरावाचनासाठी आणि मृतांसाठी म्हणायच्या कद्दीशसाठी दहा प्रौढ पुरुष लागतात, त्यांना मिन्यान म्हणतात. “सणाला जमतो, ताई,” काका म्हणाले. “मुंबई-ठाण्याची माणसे येतात. एरवी कोणाची बरसी आली की चार दिवस आधीपासून फोन करायला लागतो.” एवढ्या एका उत्तरातून आजची परिस्थिती पुरती कळली. इस्रायलची स्थापना झाल्यावर हा समाज मोठ्या संख्येने तिकडे गेला; पन्नासच्या दशकात वीस हजारांच्या आसपास असलेली भारतातली संख्या आता चार-पाच हजारांवर आली आहे. तिकडेही त्यांच्या ज्यूपणावर धर्मपीठाने शंका घेतली, तेव्हा त्यांनी जेरुसलेममध्ये आंदोलन केले आणि १९६४ मध्ये आपला पूर्ण दर्जा मान्य करून घेतला. येथे महाराष्ट्र सरकारने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. लोक गेले तरी उरलेल्यांनी मशिदी सांभाळल्या, दिवा पेटता ठेवला, दफनभूमीची कुंपणे दुरुस्त केली. या जबाबदारीचे ओझे किती थोड्या खांद्यांवर आहे, ते अलिबागच्या त्या बाकांवर बसल्यावर समजते.

जेवण समाजातल्याच एका कुटुंबाने रांधलेले होते आणि ते सर्वार्थाने उत्तम होते. रावसाचे नारळाच्या दुधातले कालवण, वालाचे बिरडे, तांदळाच्या भाकऱ्या आणि शेवटी चिकाचा हलवा. मांसाहार आणि दूधदुभते एकत्र करायचे नाही, या नियमामुळे कोंबडी-मटणाच्या रश्शातही दही किंवा साय न घालता नारळाचे दूध वापरतात, आणि तीच या स्वयंपाकाची ओळख झाली आहे. गव्हाचा चीक आणि नारळाचे दूध मंद आचेवर आटवत तासन्‌तास ढवळून केलेला हलवा घट्ट असूनही दाताला चिकटत नव्हता. तो मुख्यतः रोश हशानाला, म्हणजे नव्या वर्षाच्या सणाला, करतात. जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त झाल्याच्या शोकदिनाला समाजात बिरड्याचा रोजा म्हणतात, हे पंगतीतच कळले. पंगतीत वाढणाऱ्या मावशींना प्रत्येक पदार्थामागचा नियम आणि सण ठाऊक होता. संयोजकांनी त्यांना जेवणानंतर अर्धा तास बोलू द्यायला हवे होते. त्याऐवजी आम्हाला अलिबागच्या किनाऱ्यावर तासभर मोकळे सोडण्यात आले. किनारा कोणीही कधीही पाहू शकतो. या सहलीत त्याला जागा नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

खंडाळ्याजवळचा एलियाहू हनाबीचा टापा हा दुपारचा टप्पा होता. कातळावर रथाच्या चाकांच्या आणि घोड्याच्या टापांच्या वाटाव्यात अशा खुणा आहेत आणि प्रेषित एलियाहू येथे येऊन स्वर्गात गेले, अशी बेने इस्राएलांची श्रद्धा आहे. ज्यू पंचांगातल्या शेवात महिन्याच्या पौर्णिमेला, म्हणजे तू बिश्वातला, येथे दूरदूरची माणसे येतात, नवस बोलतात आणि फेडतात. काकांनी आणि दोन नातेवाइकांनी आमच्यासाठी मलिद्याचे ताट मांडले. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडे आणि सुका मेवा कालवून केलेला ढीग, भोवती केळी, सफरचंद, खजूर अशी फळे आणि वर सब्जाची डहाळी. आधी एलियाहू हनाबीचे हिब्रू गीत झाले, त्याची चाल आपल्या आरतीच्या जवळची वाटली. मग झाडाच्या फळाचा, जमिनीतल्या पिकाचा आणि सुवासाचा असे वेगवेगळे आशीर्वाद म्हणून प्रत्येक वस्तू हातोहात फिरवण्यात आली. सब्जा हुंगायचा, फळ चाखायचे आणि त्यानंतरच मलिदा घ्यायचा. हा विधी जगातल्या दुसऱ्या कोणत्याही ज्यू समाजात असा नाही. लग्न, सुंता, नवे घर, परदेशी जाणे, आजारातून उठणे, प्रत्येक निमित्ताने तो होतो आणि इस्रायलला गेलेल्यांनी तो तिकडेही चालू ठेवला आहे. विधी प्रेक्षकांसाठी मांडलेला असूनही त्यात दिखाऊपणा नव्हता, कारण काकांनी तो खरोखरच आपल्या नातीच्या परीक्षेसाठी म्हटला होता.

रेवदंड्याला पोचेपर्यंत उन्हे उतरली होती. १८४२ साली उभारलेले बेथ एल सिनेगॉग, शेजारचे जुने चौल बंदर आणि त्यावर चालणारा व्यापार, एवढे सगळे वीस मिनिटांत गुंडाळण्यात आले, कारण मांडव्याची बोट गाठायची होती. सहलीतला हा सर्वात ढिसाळ भाग. किनाऱ्यावरचा तास वाचवला तर रेवदंड्याला पुरेसा वेळ सहज मिळेल. आणखी एक सुधारणा हवी: हाती दिलेल्या छापील पुस्तिकेत बेने इस्राएल आणि बगदादी यांची सरमिसळ झाली आहे, आणि टिपूच्या कैदेतून सुटून आलेल्या सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ मध्ये उभारलेल्या शाआर हारहामीम या समाजाच्या मुंबईतल्या पहिल्या मशिदीचा तीत उल्लेखही नाही. ज्यांच्या गावातून आपण फिरतो आहोत, त्यांचीच मुंबईतली पहिली वास्तू गाळणे योग्य नव्हे.

शुल्क मुंबईतल्या अर्ध्या दिवसाच्या सहलींपेक्षा बरेच जास्त आहे, पण जेवण, बोट आणि मलिदा धरता ते वाजवी वाटते. चालणे फारसे नाही. खंडाळ्याच्या कातळावर मात्र चपला घसरतात, बूट घालावेत. खांदे आणि गुडघे झाकले जातील असे कपडे घालावेत. शाब्बाथमुळे शनिवारी सहल नसते आणि तिश्री महिन्यातल्या सणांच्या काळात, म्हणजे साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सिनेगॉग पाहुण्यांसाठी खुले असेलच असे नाही. शाळकरी मुलांना दिवस लांब वाटेल. मराठीचे, इतिहासाचे आणि धर्माच्या अभ्यासाचे विद्यार्थी मात्र अवश्य जावेत. नाव नोंदवताना त्या तारखेला काका येणार आहेत का, हे विचारूनच पैसे भरावेत, आणि ते नसतील तर पुढची तारीख घ्यावी.