अस्सल अस्वल, पण आतून रिकामं

दादाच्या पन्नाशीला टेडी रक्स्पिन द्यायचा, हे दोन वर्षं माझ्या डोक्यात होतं. १९८७ साली शिकागोच्या आत्यानं तो आमच्या दादरच्या घरी आणला, तेव्हा दादा बारा वर्षांचा आणि मी सात. पाठीत कॅसेट घातली की हे अस्वल डोळे मिचकावत, तोंड हलवत गोष्ट सांगायचं. इंग्रजी आम्हाला निम्मंच कळायचं. आजी म्हणायची, "डोळे मिटून सांगतोय, म्हणजे कुणीतरी बुवाच असणार." पुढे एका पावसाळ्यात सेल आतच राहिले, फुटले, आणि बुवांनी कायमचं मौन धरलं.

आता मी न्यू जर्सीत राहते. जुन्या वस्तूंच्या एका साइटवर जाहिरात दिसली: "१९८५चा मूळ टेडी, चालू स्थितीत, सोबत कॅसेट." किंमत २२० डॉलर. मी लगेच उडी मारली नाही. चांगला अभ्यास केला, फक्त नको त्या गोष्टीचा. या अस्वलाच्या आवृत्त्या बऱ्याच निघाल्या. पहिली १९८५ची, वर्ल्ड्स ऑफ वंडर या कंपनीची, नेहमीच्या आकाराची कॅसेट लागणारी. १९९१ची प्लेस्कूलची आकारानं लहान. २०१७च्या टेडीला तर डोळ्यांच्या जागी चक्क छोटे पडदे आहेत. नंतरचा माल १९८५चा म्हणून गळ्यात मारतील, एवढीच मला धास्ती. म्हणून शिवणीतल्या पट्टीचे फोटो मागवले, कॅसेटचा कप्पा बघितला. सगळं अस्सल निघालं. विक्रेत्यानं चौदा सेकंदांचा व्हिडिओही पाठवला. टेडी बोलतोय, जबडा हलतोय. मी विरघळले.

मग तो म्हणाला, साइटवरून नको, मला थेट पाठवा, 'मित्र-नातेवाईक' असा पर्याय निवडा, कमिशन वाचेल, मी वीस डॉलर सोडतो. इथे माझ्यातला मुंबईकर जागा व्हायला हवा होता. जागा झाला तो काटकसरी. मी २०० डॉलर पाठवून मोकळी झाले.

खोकं आलं. सेल घातले, कॅसेट लावली. आवाज आला, तोच जुना, थोडा थरथरता. तोंड मात्र ढिम्म. डोळे उघडे ते उघडेच. बोलतोय, पण ओठ हलत नाहीत. खरं सांगते, रात्री दिवाणखान्यात ते बघून अंगावर काटा आला.

विक्रेता फार गोड बोलायचा. आधी म्हणाला, सेल कमजोर असतील. मग, प्रवासात पट्टा सरकला असेल. मग, कॅसेट तीनदा पूर्ण वाजवा, यंत्र मोकळं होईल. यात पाच आठवडे गेले. सहाव्या आठवड्यात त्यानं उत्तर देणं बंद केलं. पैसे पाठवायच्या अ‍ॅपवाल्यांनी सांगितलं, ओळखीच्या माणसाला स्वतःहून दिलेले पैसे परत मिळत नाहीत.

आमच्या गल्लीत एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक आहेत. त्यांनी पाठ उघडली आणि हसायलाच लागले. या अस्वलाची गंमत अशी की कॅसेटवर स्टिरिओचे दोन ट्रॅक असतात. एकावर गोष्ट, दुसऱ्यावर आपल्याला ऐकू न येणारा हुकूम: आता जबडा उघड, आता डोळे मीट. तो हुकूम तीन छोट्या मोटरींकडे जातो. एक डोळ्यांची, एक वरच्या जबड्याची, एक खालच्या. केन फोर्स या माणसाचं हे डोकं. तो आधी डिस्नेच्या हलत्या-बोलत्या पुतळ्यांवर काम करायचा. माझ्या टेडीत टेप होती, स्पीकर होता. तिन्ही मोटरी नव्हत्या. वायरी कटरनं नीट कापलेल्या.

असं का करतात, तेही त्यांनीच सांगितलं. वर्ल्ड्स ऑफ वंडरनं १९८७च्या डिसेंबरातच दिवाळखोरीचा अर्ज केला होता, पुढे ती बंदच पडली. मूळ मोटर हवी तर ती दुसऱ्या अस्वलाच्या पोटातूनच काढावी लागते. म्हणजे मोटरी एका गिऱ्हाइकाला, आणि कातडं माझ्यासारखीला.

घरी येऊन मी तो व्हिडिओ पुन्हा बघितला, या वेळी थांबवत थांबवत. त्यातल्या अस्वलाच्या डाव्या डोळ्यावरचे केस झडलेले. माझ्याकडच्याची भुवई दाट. अस्वलाला टक्कल पडू शकतं, पण टकलावर पुन्हा केस उगवलेले कुणी पाहिले नसतील.

तुम्ही घेणार असाल तर व्हिडिओ मागताना एवढं सांगा: आजची तारीख लिहिलेला कागद अस्वलाच्या मांडीवर ठेवा, कॅमेरा न थांबवता कॅसेट घाला, आणि तोंड हलू लागलं की पाठ आणि पट्टी दाखवा. समोर बघायला मिळालं तर बंद टेडीचा जबडा बोटानं हळूच दाबा. मोटर असेल तर अडल्यासारखा लागतो. माझा तर दारावरच्या तोरणासारखा लोंबत होता. आणि गाण्याची साधी कॅसेट लावून "बघा, आवाज येतोय" असं कुणी म्हणालं तर त्याला अर्थ नाही. साध्या कॅसेटवर चांगला टेडीही ढिम्म बसून नुसतं गाणं वाजवतो.

दादाला शेवटी घड्याळ दिलं.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात वेगळ्या नावानं पुन्हा दिसली. तोच चौदा सेकंदांचा व्हिडिओ, तीच झडलेली भुवई. किंमत आता २४० डॉलर. मी तक्रार केली आहे. हे लिहीपर्यंत ती तिथेच आहे.