ह्वांगछीचे बियाणे: रोप दमदार, माहितीपत्रक उतावळे

या पाकिटातले बियाणे जरूर घ्यावे, मात्र सोबतच्या माहितीपत्रकावर विसंबू नये, असे माझे मत आहे. ह्वांगछी ही शेंगावर्गातील बहुवर्षायू वनस्पती असून तिचे मूळ चिनी वैद्यकात बल्य औषध म्हणून फार पूर्वीपासून वापरात आहे. पाकिटावर ‘अ‍ॅस्ट्रॅगॅलस मंगोलिकस’ हे पूर्ण शास्त्रीय नाव छापलेले आहे, ही विक्रेत्याची जमेची बाजू म्हणावी लागेल. कारण याच अ‍ॅस्ट्रॅगॅलस प्रजातीतील उत्तर अमेरिकेतल्या काही जाती गुरांना विषारी ठरतात आणि केवळ ‘अ‍ॅस्ट्रॅगॅलस’ एवढेच लिहिलेले बियाणे औषधासाठी लावणे धोक्याचे आहे.

बी टपोरे आणि स्वच्छ होते. मात्र त्याचे कवच इतके टणक असते की पाणी आत शिरतच नाही, म्हणून ते पॉलिश पेपरवर हलके घासून रात्रभर भिजवावे लागते. हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा माहितीपत्रकात मुळीच नाही. घासलेले बी जोमाने उगवले, तर न घासता पेरलेल्या बियांपैकी बहुतेक तशाच पडून राहिल्या. रोप छोट्या कुंडीत तयार करून नंतर हलवण्याचा सल्लाही पटण्यासारखा नाही, कारण ह्वांगछीचे सोटमूळ खोल जाते आणि पुनर्लागवडीत ते दुखावले की फाटे फुटून मुळाची प्रत उतरते. बी थेट कायमच्या जागी, भरपूर उन्हात आणि उत्तम निचऱ्याच्या वालुकामय मातीत पेरावे. पाणी साचले तर मूळ कुजते. नत्रखताची गरज बेताचीच असते, कारण मुळांवरच्या गाठींतील जिवाणू हवेतला नत्र स्थिर करतात.

‘पहिल्याच हंगामात काढणी’ हा दावा मला सर्वांत जास्त खटकला. औषधी प्रतीचे मूळ तयार व्हायला साधारण तीन ते चार वर्षे लागतात, आणि हिवाळ्यात वरचा भाग वाळून गेला तरी झाड मेले असे समजून उपटू नये. वर्षभराचे मूळ खणून पाहिले तर ते बारीक निघते. चांगल्या वाळलेल्या मुळाच्या कापात मध्यभाग पिवळा व भोवतीचा पट्टा पांढुरका दिसतो, आणि चावल्यास गोडसर, किंचित कच्च्या शेंगेसारखी चव लागते. घरचे मूळ पारखायला ही खूण पुरेशी आहे.

वापराबाबत माहितीपत्रक ‘आवडीनुसार घ्या’ एवढेच सांगते. चिनी औषधकोशात काढ्यासाठी दिवसाला 9 ते 30 ग्रॅम असे प्रमाण दिलेले आहे. चीनमध्ये मुळाचे काप सूपमध्येही शिजवतात, आणि 2023 मध्ये तेथील आरोग्य आयोगाने ह्वांगछीचा समावेश अन्न व औषध अशा दोन्ही उपयोगांच्या यादीत केला. शिजल्यावरही काप चिवटच राहतात, म्हणून ते वाढण्यापूर्वी काढून टाकावेत. परंतु अवयव प्रत्यारोपणानंतर किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे मूळ घेऊ नये, कारण ते नेमक्या त्या औषधांच्या उलट दिशेने काम करण्याची शक्यता असते. गुळगुळीत कागदावर चार रंगांत छापलेल्या माहितीपत्रकात या सूचनेला जागा मिळायला हवी होती.