इंकटँक प्रिंटर, काही वर्षं घरी वापरल्यानंतर

इंकटँक म्हणजे कार्ट्रिजऐवजी बाटलीने शाई भरायच्या टाक्या असलेला इंकजेट. नवीन प्रिंटरचे रिव्ह्यू भरपूर वाचायला मिळतात पण पहिले काही महिने कुठलाही इंकजेट छानच चालतो, खरं काय ते नंतर कळतं म्हणून हे लिहितेय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण थोड्याफार फरकाने हे सगळ्यांनाच होतं.

मोठा त्रास एकच, नोझल जाम होणं. हेडची, म्हणजे कागदावर शाई फवारणाऱ्या भागाची, भोकं (नोझल) केसाहून बारीक, त्यात प्रिंटर नुसता पडून राहिला की शाई तिथेच वाळते आणि मग प्रिंटवर आडव्या पांढऱ्या रेषा येतात, नाहीतर एखादा रंगच गायब. अशा वेळी लोक क्लिनिंगवर क्लिनिंग (प्रिंटर शाई खेचून भोकं साफ करतो ते) मारत बसतात, ते प्लीज करू नका. आधी नोझल चेकचं पान काढा, रेषा तुटक दिसल्या तरच क्लिनिंग करा, आणि एक-दोनदा करूनही फरक पडला नाही तर रात्रभर तसाच ठेवा, वाळलेली शाई बऱ्याचदा भिजून सुटते. कारण क्लिनिंगला खेचलेली सगळी शाई आतल्या वेस्ट पॅडमध्ये, म्हणजे वाया गेलेली शाई शोषणाऱ्या स्पंजमध्ये, जाते, आणि पॅड भरलं असा काउंटरचा हिशोब झाला की प्रिंटर सरळ काम थांबवतो. टाकीत शाई काठोकाठ आहे आणि एका स्पंजपायी मशीन उचलून सर्व्हिस सेंटरला न्यायचं, हे मला अजिबात पटत नाही. काही मॉडेलमध्ये मेंटेनन्स बॉक्स, म्हणजे हे पॅड असलेला डबा, घरीच बदलता येतो, घेताना स्पीडच्या आधी हे बघा.

पेपर न ओढणं त्यामानाने किरकोळ. रबरी रोलरवर कागदाची धूळ बसते, प्लग काढून किंचित ओल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसलं की बहुतेक वेळा चालतं. दमट हवेत मात्र कागद एकमेकांना चिकटून दोन-तीन एकदम जातात, तेव्हा गठ्ठा पिशवीत बंद ठेवा.

आणि बंद करताना प्रिंटरचंच बटण दाबा हं, प्रिंट चालू असताना भिंतीवरचा स्विच बंद केला तर हेड जागेवर जाऊन झाकलं जात नाही, उघडं राहून वाळतं.

आठवड्याला एक तरी कलर पान निघत असेल तर इंकटँक जरूर घ्या, शाई खूप पुरते. महिनोन्महिने हात लागणार नसेल आणि काम फक्त ब्लॅकचं असेल तर लेझर घ्या, टोनर पावडर असते, वाळायचा प्रश्नच नाही.